चष्मेवाल्याच्या भावाचा डोळा

डोळा लाल झाला की आपल्यापैकी किती जण थेट डॉक्टरकडे जातात? बहुतेक जण आधी आरशात बघतात, मग गार पाण्याचा हबका मारतात आणि मग ओळखीच्या कुणाला तरी विचारतात. ज्या गल्लीतली ही गोष्ट आहे, तिथले लोक दादांना विचारत.

दादांचं चष्म्यांचं दुकान होतं. वडिलांनी सुरू केलेलं, अरुंद आणि लांबट. पुढे काचेच्या कपाटात फ्रेमांच्या रांगा, मागच्या भिंतीवर अक्षरांचा तक्ता आणि अगदी आत, पडद्याआड, काच घासायचं यंत्र. दादा नंबर काढण्यात वाकबगार होते. गिऱ्हाईक पायरी कसं चाचपतं, यावरून ते ओळखत की याला जवळचं दिसत नाही की लांबचं. त्यामुळे गल्लीने त्यांना अर्धी डॉक्टरकी बहाल करून टाकली होती. "दादा, जरा बघता का, डोळ्यात काहीतरी खुपतंय." दादा बॅटरी मारून बघत आणि थेंबांची एखादी बाटली सुचवत. पुष्कळदा गुण येई. आला नाही तर माणूस गुपचूप दुसरीकडे जाई, आणि ते काही दादांच्या कानावर येत नसे.

आतल्या यंत्रावर त्यांचा धाकटा भाऊ बसे. घरात त्याला टिल्लू म्हणत. लहानपणी तो मुठीएवढा होता म्हणून ते नाव पडलं. पुढे तो असा काही वाढला की दुकानाच्या दारातून येताना मान वाकवावी लागे, पण नाव टिल्लूच राहिलं. तरुणपणी तो दुसऱ्या शहरात उंच मनोरे आणि पुलांचे खांब रंगवायचं काम करी. दिवसभर दोरीला लटकायचं, डोक्यावर ऊन, डोळ्यांवर काही नाही. मग एक दिवस तो सामान घेऊन परत आला. "आता उंचावर पाय लटपटतात," एवढंच म्हणाला. दादांनी खोदून विचारलं नाही. पोरगा मेहनती होता, हात सफाईदार होता. त्यांनी त्याला काच घासायला शिकवलं आणि पडद्याआडची जागा त्याला दिली. वहिनीला तर घरात बोलायला माणूस मिळालं. दादा दिवसभर गिऱ्हाइकांशी इतके बोलत की घरी आल्यावर त्यांच्याकडे शब्द उरत नसत.

परत आल्यावर काही महिन्यांनी टिल्लूच्या उजव्या डोळ्यात, बुबुळाच्या कडेला, पांढऱ्या भागावर एक गुलाबी उंचवटा दिसू लागला. तांदळाच्या कणीएवढा. दादांनी बॅटरी मारली.

"मांस वाढलंय. उन्हात काम करणाऱ्यांना होतं असं. थेंब घाल, जाईल."

"बरं," टिल्लू म्हणाला.

थेंब घातले की लाली दबे. बाटली संपली की परत वर येई. मग दुसरी बाटली. असं चालू राहिलं. डॉक्टरकडे जा, असं दादांनी म्हटलं नाही आणि टिल्लूनेही तो विषय काढला नाही. उलट दादांनी थेंबांवर भागवलं की तो सुटल्यासारखा दिसे. मधल्या काळात तो वाळतही चालला होता. वहिनीने एकदा म्हटलंसुद्धा, "अहो, भाऊजींचा शर्ट खुंटीला टांगल्यासारखा दिसतो."

"नीट जेवत नसेल."

"जेवतात. वाढते मी, मला माहीत आहे."

दादांनी वर्तमानपत्राचं पान उलटलं.

एका सकाळी शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाई वाचायचा चष्मा न्यायला आल्या. काच बसवून टिल्लू स्वतःच तो बाहेर घेऊन आला. बाईंनी चष्मा नाकावर ठेवला आणि समोर पहिल्यांदा दिसला तो टिल्लूचाच चेहरा. त्यांनी निरखून पाहिलं. मग म्हणाल्या, "दादा, चष्मा झकास झालाय. पण या मुलाच्या डोळ्यात काय आहे, ते तुम्ही शेवटचं कधी पाहिलंत?"

दादांनी टिल्लूला दाराशी उजेडात नेलं. रोज दिसणारी गोष्ट रोज बघितली जातेच असं नाही. ती कणी आता मसुराच्या दाण्याएवढी झाली होती. वर पांढरट पापुद्रा आला होता, आणि तिच्या दिशेने लाल धाग्यांसारख्या शिरा धावत होत्या. रोपाला मुळं फुटावीत तशा.

"दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच," बाई हळूच म्हणाल्या.

त्याच दिवशी दादा त्याला डोळ्यांच्या डॉक्टरबाईंकडे घेऊन गेले. दादांची गिऱ्हाइकं त्यांच्याकडे जात आणि त्यांचे रुग्ण दादांकडे येत, अशी जुनी ओळख होती. डॉक्टरबाईंनी टिल्लूची हनुवटी यंत्राच्या पट्टीवर टेकवली आणि उजवा डोळा बारकाईने तपासला.

"थेंब कुणी दिले?"

"मी," दादा म्हणाले.

"त्या थेंबांनी लाली दबली आणि गाठीला वेळ मिळाला. हे साधं मांस नाही. काढून तपासायला पाठवावं लागेल." त्यांनी टिल्लूकडे वळून, त्याच्याशीच बोलत पुढे सांगितलं, "डोळ्याच्या वरच्या पातळ आवरणाचा कर्करोग असू शकतो. सुरुवातीचा वाटतोय. घाबरून जाऊ नका, पण आता थांबूही नका."

मग त्यांनी बाहुली मोठी करणारे थेंब घातले. थोड्या वेळाने भिंग धरून डोळ्याच्या आतला पडदा पाहिला. एक डोळा, मग दुसरा. भिंग खाली ठेवलं आणि म्हणाल्या, "दादा, तुम्ही जरा बाहेर बसा."

"मी सख्खा भाऊ आहे त्याचा."

"माहीत आहे. तरी बसा. यांना हवं असेल तर हेच तुम्हाला आत बोलावतील."

दादा बाहेर बसले, पण त्यांना ते लागलं. बाकावर त्यांच्याच ओळखीची दोन-चार माणसं होती. कुणी डोळ्याला पट्टी बांधून, कुणी नंबर यायची वाट बघत. "आज मालक स्वतः?" एकाने गमतीने विचारलं. दादांनी हसल्यासारखं केलं. कर्करोग हा शब्द त्यांच्या डोक्यात घण घालत होता, आणि आत एवढं काय बोलणं चाललंय ते कळत नव्हतं.

टिल्लू बाहेर आला तेव्हा त्याच्या बाहुल्या एवढ्या मोठ्या झाल्या होत्या की डोळे काळे दिसत होते. अशा डोळ्यांना ऊन सहन होत नाही, सगळं पांढरं आणि धूसर होतं. दादांनी त्याचा दंड धरला आणि त्याला दवाखान्याच्या आवारात आणलं. भर दुपार होती. टिल्लूने कपाळावर हात धरला, डोळे किलकिले केले आणि चालता चालताच म्हणाला,

"दादा, मला एचआयव्ही आहे. बऱ्याच वर्षांपासून. तिकडे होतो तेव्हा गोळ्या घेत होतो. इकडे आल्यावर बंद पडल्या. बाईंना डोळ्याच्या आत बघूनच शंका आली. त्यांनी विचारलं, मी सांगितलं."

दादांचा हात सुटला.

त्यांनी तो ठरवून सोडला नव्हता. विस्तवाला लागल्यावर हात आपोआप मागे येतो, तसा तो आला. टिल्लू एक पाऊल पुढे गेला आणि थांबला. त्याला समोरचं काही दिसत नव्हतं. हात पुढे करून तो भिंत शोधू लागला. दादा दोन पावलांवर उभे होते, त्यांना सगळं दिसत होतं, आणि त्यांचे पाय हलत नव्हते. शेवटी एका अनोळखी बाईने येऊन टिल्लूला भिंतीपाशी सावलीत उभं केलं. "कुणी बरोबर नाही का तुमच्या?" तिने विचारलं.

टिल्लू म्हणाला, "आहे. येतोय."

दोघं अंतर ठेवूनच घरी आले.

संध्याकाळी टिल्लूने वहिनीलाही स्वतःच्या तोंडाने सांगितलं. ती स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, ती तिथेच पाटावर बसली. "मी दुकानात राहायला जातो," टिल्लू म्हणाला. "मागे जागा आहे. तुम्हाला अडचण नको."

 मग दादा बोलले, आणि जे बोलले ते आपल्यापैकी बहुतेकांच्या तोंडून पहिल्यांदा निघालं असतं.

"कसा झाला?"

टिल्लूने मान खाली घातली.

"मी विचारतोय, कसा झाला तुला हा रोग? काय करत होतास तिकडे?"

"अहो," वहिनी म्हणाली, "मला साखरेचा आजार आहे. तो कसा झाला, हे तुम्ही कधी विचारलंत मला?"

"ते वेगळं."

"काय वेगळं? मी गोड खाल्लं असेल, आळस केला असेल, नाहीतर आईकडून आला असेल. तुम्ही एवढंच विचारता की गोळी घेतलीस का. यांनाही तेवढंच विचारा. कसा झाला ते समजून यांच्या डोळ्यातली गाठ विरघळणार आहे का?"

दादा चिडले. खरं तर घाबरले होते, पण घाबरलेल्या माणसाला चिडणं सोपं जातं. "मग मला सांगायचं नाही? घरचा कर्ता आहे मी. गोळ्या बंद पडल्या तेव्हा तरी सांगायचं. मी काय खाल्लं असतं त्याला?"

 वहिनी उठून उभी राहिली.

"का नाही सांगितलं, ते मी सांगते. तो फरशी बसवणारा आला होता, त्या दिवशी मी तुमचा डबा घेऊन दुकानात होते. आठवतोय?"

दादांना आठवत होता. मध्यम वयाचा, शांत माणूस. नंबर काढायला खुर्चीवर बसला होता, त्याच्या नाकावर तपासणीची फ्रेम होती. शेजारचा किल्लीवाला काहीतरी मागायला आला आणि दादांच्या कानात पुटपुटला, "याला तो रोग आहे. गोळ्या घ्यायला त्या केंद्रात रांगेत उभा असतो." दादांनी कागदाच्या तुकड्याने धरून फ्रेम त्या माणसाच्या नाकावरून काढली होती. काचा खराब झाल्यात, नंतर या, असं सांगितलं होतं. तो गेल्यावर फ्रेम कचऱ्याच्या डब्यात टाकली होती आणि खुर्ची स्पिरिटने पुसली होती.

"आणि वर काय म्हणालात?" वहिनी म्हणाली. "असल्यांनी घरात बसावं, चारचौघांत कशाला फिरायचं. हे तुम्ही मोठ्यांदा म्हणालात. पडद्यामागे यंत्र चालू होतं. तुमचं बोलणं झालं आणि ते बंद झालं. मला वाटलं, काच घासून झाली असेल."

टिल्लू जमिनीकडे बघत म्हणाला, "त्या आठवड्यात मी इथल्या केंद्रात नाव नोंदवणार होतो, दादा. तिकडून आणलेल्या गोळ्या संपत आल्या होत्या. मग गेलोच नाही. म्हटलं, रांगेत कुणी बघितलं तर तुझं दुकान बसेल."

त्या संध्याकाळी दादा जेवले नाहीत. वहिनी जेवली, टिल्लूला जेवायला घातलं आणि म्हणाली, "दुकानात राहायचं नाव काढायचं नाही. मलाही भीती वाटतेय, खोटं कशाला बोलू? पण भीती वाटली म्हणून घरचं माणूस बाहेर काढत नाहीत."

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांनी दुकान उघडलं. टिल्लू अजून यायचा होता. ते आत यंत्रापाशी गेले, आणि त्यांच्या लक्षात आलं की आपल्या एका हातात स्पिरिटची बाटली आहे आणि दुसऱ्या हातात कापूस. टिल्लूची जागा पुसायला ते निघाले होते. स्वतःच्या हातांकडे ते थोडा वेळ बघत राहिले. मग बाटली जागेवर ठेवून, दुकान परत बंद करून ते डॉक्टरबाईंकडे गेले.

"मी टिल्लूबद्दल विचारायला नाही आलो," ते म्हणाले. "माझ्याबद्दल आलोय. मला भीती वाटते. सख्ख्या भावाची भीती वाटते. काय करू?"

बाईंनी दार लोटून घेतलं. "त्यांनी कालच मला परवानगी दिलीय, दादा आला तर सगळं समजावून सांगा म्हणून. तुम्ही याल असं त्यांना वाटत होतं."

दादा खुर्चीवर बसले. बाई समजावून सांगू लागल्या.

"डोळ्याच्या पडद्यावर केसाहून बारीक रक्तवाहिन्या असतात. शरीराची प्रतिकारशक्ती फार खाली गेली की त्या जागोजागी बंद पडू शकतात, आणि पडद्यावर कापसाच्या पुंजक्यांसारखे पांढरे डाग दिसतात. माणसाला पत्ताही नसतो, नजर चांगली असते. पण आम्हाला ते दिसलं की शंका येते. तुमच्या भावाच्या दोन्ही डोळ्यांत ते आहेत."

"आणि ती गाठ?"

"ऊन तर सगळ्यांच्याच डोळ्यांत जातं. पेशी बिघडतात, आणि शरीराचा राखणदार जागा असेल तर तो त्यांना बहुतेक वेळा आवरतो. राखणदार झोपला की चोराचं फावतं. तरुण माणसाच्या डोळ्यात अशी गाठ दिसली की आम्ही एचआयव्हीची तपासणी करून घ्या म्हणतो. कित्येकांना त्यामुळेच पहिल्यांदा कळतं. एचआयव्ही असलेल्या प्रत्येकाला अशी गाठ होत नाही, आणि गाठ झालेल्या प्रत्येकाला एचआयव्ही असतोच असंही नाही. पण बघून घ्यावं लागतं."

"गोळ्या पुन्हा सुरू केल्या तर?"

"रोज, न चुकता घेतल्या तर विषाणू इतका दबतो की तपासणीत सापडतही नाही. माणूस काम करतो, संसार करतो, म्हातारा होतो. राखणदार पुन्हा जागा होतो."

दादांनी जे विचारायचं होतं ते शेवटी विचारलं. "फ्रेम? खुर्ची? एकच यंत्र आम्ही दोघं वापरतो. अश्रू लागले तर?"

"चष्म्याने नाही होत. खुर्चीने नाही, घामाने नाही, अश्रूंनी नाही, एका ताटात जेवल्याने नाही. तुम्ही खुर्ची स्पिरिटने पुसता का?"

"पुसतो. म्हणजे, कधीकधी."

"रोज पुसा. प्रत्येक गिऱ्हाइकानंतर पुसा. ती स्वच्छता झाली. एकाच माणसानंतर पुसलीत, तर तो त्या माणसाचा अपमान झाला." त्यांनी टेबलावरचं भिंग उचलून पेटीत ठेवलं. "मी या खुर्चीवर बसून फार वर्षं झाली, दादा. पूर्ण डोळा काढावा लागला अशी माणसं मी बघितली आहेत. त्यांतल्या बऱ्याच जणांना आधी माहीत होतं की काहीतरी बिनसलंय. तरी आली नाहीत. रोग काही एका रात्रीत वाढत नाही. त्याला वेळ हवा असतो, आणि तो वेळ त्याला आपण देतो. घरात, दुकानात, जेवताना आपण जे सहज बोलून जातो ना, ते ऐकणारं कुणीतरी असतं."

दादा परत आले तेव्हा टिल्लू दुकानाच्या बंद दाराशी उभा होता. दादांनी कुलूप काढलं. काहीतरी मोठं बोलावं असं त्यांनी वाटेत ठरवलं होतं, पण तोंडातून निघालं ते एवढंच, "काल आवारात हात सोडला मी तुझा."

"कळलं मला."

"पुन्हा नाही सुटायचा."

टिल्लूने मान हलवली आणि वाकून आत शिरला.

शस्त्रक्रिया लवकरच झाली. गाठीबरोबर भोवतीचा थोडा चांगला भागही काढला, उरलेल्या पेशी मराव्यात म्हणून जखमेच्या कडा गोठवल्या. तपासणीत तो कर्करोगच निघाला. पण काढलेल्या तुकड्याच्या कडा स्वच्छ होत्या, रोग खोलवर गेला नव्हता. पुढे बरेच दिवस वेगळे थेंब घालावे लागले. ते डोळ्याला झोंबत आणि टिल्लू दात आवळून बसे. थेंब दादाच घालत. बुबुळाच्या कडेला एक फिकट वण राहिला. नजर वाचली.

गोळ्या सुरू करायच्या होत्या, त्यासाठी केंद्रात जायचं होतं. टिल्लू म्हणाला, "मी जाऊन येतो एकटा." दादा त्याच्याआधी चपला घालून दारात उभे होते.

केंद्र म्हणजे एका जुन्या इमारतीच्या तळमजल्यावरची लांब खोली होती. बाकांवर सगळ्या वयांची माणसं बसली होती, एखाद्या पोस्टात किंवा बँकेत असावीत तशी. एक बाई मुलाचा अभ्यास घेत होती. एक म्हातारा पेंगत होता. दादांनी मनात जे चित्र रंगवलं होतं, त्यातलं इथे काहीच नव्हतं. आणि तिसऱ्या बाकावर तो फरशी बसवणारा बसला होता.

त्याने दादांना ओळखलं. नजर वळवली. दादा उठून त्याच्यापाशी गेले.

"त्या दिवशी काचा खराब नव्हत्या," ते म्हणाले. "मी खोटं बोललो. चुकलो."

तो माणूस आपल्या बोटांकडे बघू लागला. सिमेंटने भेगाळलेली बोटं होती. "मला माहीत होतं," तो म्हणाला. "कागदाने धरून फ्रेम काढलीत, तेव्हाच कळलं. नंतर मी कुठल्याच दुकानात गेलो नाही. जुन्याच चष्म्यावर भागवतो. फरशीची ओळ हल्ली वाकडी येते."

"दुकानात या. माझ्या हाताने नंबर काढतो."

"बघू," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता, आपलेपणाही नव्हता. त्याचा नंबर पुकारला आणि तो उठून गेला.

तो दुकानात कधीच आला नाही. दादा त्याची वाट बघत राहिले. पुढे केव्हातरी त्यांच्या लक्षात आलं की माफी मागणं आपल्या हातात असतं, मिळणं दुसऱ्याच्या. काही चुकांची भरपाई त्याच माणसाकडे करता येत नाही. ती पुढे येणाऱ्यांकडे करावी लागते.

अशी संधी यायला वेळ लागला नाही. गल्लीत कुजबुज सुरू झाली होती. एका दुपारी किल्लीवाला दुकानात आला, काउंटरवर कोपर टेकून आवाज खाली करत म्हणाला, "दादा, आपली दोस्ती म्हणून सांगतो. टिल्लूला त्या केंद्रातून बाहेर पडताना बघितलंय लोकांनी. डोळ्याचं ऑपरेशनही त्यामुळेच म्हणे. खरं-खोटं देव जाणे. पण थोडे दिवस त्याला दुकानापासून लांब ठेवा. धंद्याचा प्रश्न आहे."

दुकानात दोन गिऱ्हाइकं होती. दोघंही एकदम फ्रेमा निरखू लागली.

काही महिन्यांपूर्वीचे दादा असते तर त्यांनी हसून विषय बदलला असता. किंवा छातीठोकपणे खोटं सांगितलं असतं. त्यांनी हातातला चष्मा खाली ठेवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

"माझ्या भावाला कोणता आजार आहे, ते त्याचं त्याला ठाऊक. सांगायचं की नाही ते तो ठरवेल. पण माझ्या दुकानाबद्दल मी सांगतो. ज्याला तो आजार आहे, असा कोणीही माणूस इथे आला तर याच खुर्चीवर बसेल. त्याच्या नाकावर फ्रेम मी माझ्या हाताने ठेवीन. तीच फ्रेम पुसून पुढच्या माणसाला लावीन, कारण चष्म्याने तो आजार होत नाही. ज्यांना हे चालत नसेल त्यांनी खुशाल दुसरं दुकान बघावं. मी एकदा एका माणसाला इथून खोटं बोलून घालवलं. तुझ्याच कुजबुजण्यावरून घालवलं. तेव्हा माझा भाऊ या पडद्यामागे होता. मी त्या माणसाला हाकललं, आणि माझा भाऊ डॉक्टरकडे जायला घाबरला. त्याचा डोळा जाता जाता राहिला, बाबा. तुझ्यात आणि माझ्यात कोण जास्त दोषी, ते मला नाही ठरवता येत."

पडद्यामागचं यंत्र थांबलं. टिल्लू पडदा सारून बाहेर आला, मान वाकवून, मग पूर्ण ताठ उभा राहिला. 

"मला आहे तो आजार," तो म्हणाला. "एचआयव्ही. रोज गोळी घेतो. डोळ्यातली गाठ काढली, आता बरा आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर मला विचारा, दादाला नको. त्याला दुकान चालवायचंय."

 किल्लीवाला पायरी उतरून गेला. दोन गिऱ्हाइकांपैकी एक जण "येतो नंतर" म्हणून निघून गेला, तो नंतर आला नाही. दुसरी एक प्रौढ बाई होती. तिने आपल्या पर्समधून मोडक्या दांडीचा चष्मा काढला आणि टिल्लूच्या हातात दिला. "एवढं बसवून द्या," ती म्हणाली. "संध्याकाळपर्यंत मिळेल ना?"

सगळं एकदम गोड झालं असं मी सांगणार नाही. त्या महिन्यात गिऱ्हाईक कमी झालं. काहींनी रस्ता बदलला. वहिनीला नळावर बायकांनी नको नको ते विचारलं, तिने एकेकीला पुरून उरेल अशी उत्तरं दिली आणि घरी येऊन रडली. पण डॉक्टरबाईंनी रुग्ण पाठवणं थांबवलं नाही. बाकीचेही हळूहळू परतले, कारण चष्मा नीट बसवणारा माणूस सहजी सापडत नाही. किल्लीवाला सगळ्यांत उशिरा आला. डोळे तपासायला खुर्चीवर बसला. दादांनी नेहमीसारखी फ्रेम पुसून त्याच्या नाकावर ठेवली.

वर्ष सरता सरता डॉक्टरबाईंनी टिल्लूच्या डोळ्यांच्या आतला पडदा पुन्हा तपासला. पांढरे डाग विरून गेले होते. रक्त तपासलं तर विषाणू सापडण्याइतकाही उरला नव्हता. गाठ परत येऊ शकते, म्हणून ठरल्या वेळी डोळा दाखवत राहायला हवं, हे त्यांनी बजावून सांगितलं. आता कुणाचा डोळा लाल दिसला की दादा थेंब सुचवत नाहीत. चिठ्ठीवर डॉक्टरबाईंचा पत्ता लिहून देतात.

एके दिवशी दुपारी एक तरुण मुलगी दुकानात आली. कपाटातल्या फ्रेमा बघत ती बराच वेळ रेंगाळली. इतर माणसं गेल्यावर ती दादांकडे न जाता थेट आत पडद्यापाशी गेली आणि टिल्लूला खालच्या आवाजात म्हणाली, "ते केंद्र कुठे आहे, सांगाल? मला एकटीला जायचं धाडस होत नाहीये."

टिल्लूने यंत्र बंद केलं, हात धुतले. तिला का जायचंय, हे त्याने विचारलं नाही. दादांनीही विचारलं नाही. ते म्हणाले, "जा, मी बघतो इकडचं."

दोघं रस्त्याने जाताना दादा दारात उभे राहून बघत होते. ती मुलगी कोण, कुणाची, हे त्यांना आजही माहीत नाही. पण एक गोष्ट त्यांना त्या दिवशी पक्की कळली, आणि ती आपण प्रत्येकाने आपल्या घरापुरती तरी लक्षात ठेवावी. डोळ्यात नवं काही वाढताना दिसलं, लाली जात नसली, तर डॉक्टरला दाखवावं. तपासणी सांगितली तर ती करून घ्यावी. गोळ्या असतील तर त्या सोडू नयेत. हे सगळं खरंच आहे. पण आजारी माणूस दवाखान्यापर्यंत पोचेल की वाटेतच माघारी फिरेल, हे पुष्कळदा डॉक्टरच्या हातात नसतं. आपण बेसावधपणे बोललेलं वाक्य पडद्यामागे कोण ऐकतंय, हे आपल्याला कधीच कळत नाही. म्हणून असं बोलावं, की ऐकणाऱ्याला बाहेर यावंसं वाटेल.